सहा मिनिटं पुढे

वीज गेली की त्याला काही आठवायचं नाही.
परत आली की डोळे चोळत उठायचं
आणि सांगायचं : आज एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.
माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा.
ऑगस्टचा पूरसुद्धा त्याने तिथेच नेऊन ठेवला,
इंगुरी दोन मीटर दहा,
ज्या रात्री लाकडी पूल गेला
आणि ज्युम्बेरची मार्शरुत्का
नुकतीच पलीकडे टेकली होती.

मेस्तियाच्या कचेरीतल्या माणसाने कागद परत सरकवला.
"म्झेविनार बाई, या तारखेला पूर आला नव्हता."
खरंच होतं त्याचं.
जानेवारीत आमची नदी काठाकाठाने गोठलेली असते.

म्हणून ही चिप.
तिबिलिसीहून आली, बहिणीने विणलेल्या मोज्यात गुंडाळून.
पाठीवर बटणासारखा सेल,
पोटात स्फटिकाचा चिमटा,
सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरणारा.
(सातवीतल्या एक्वतिमेने विचारलं, मोजलं कुणी?)

आधी डागणीने एक रोधक उपटून काढला.
तो सेलला सारखा भरवू बघतो,
आणि हा सेल भरवून घेणाऱ्यातला नाही.
एवढ्याशा व्होल्टला काही होत नाही म्हणतात.
मी काढला.

मग चार तारा.
लाल जगवणारी, काळी जमिनीची,
निळी निरोपाची, पिवळी ठेक्याची.
ठेका चुकला तर निरोप म्हणजे नुसती कुजबुज.
दोनदा निळी-पिवळीची अदलाबदल केली,
दोनदा पडद्यावर रेघाच रेघा,
रिकाम्या घरांची आळी.
तिसऱ्यांदा अडुसष्ट नंबरात दिवा लागला.

पण वेळ द्यायची कुठली?
डोंगरावरचा टॉवर चार दिवस मुका.
खाली गाडी घरघरत उभी होती, मी खिडकीतून ओरडले,
ज्युम्बेरने मनगट बाहेर काढलं :
आठ चाळीस!
तेच लिहिलं. तिने निमूट घेतलं.

ओनिसे वर आला तो गुडघ्याला शिव्या देत.
तीस वर्षं त्याने नदी वाचली, पट्टी आणि पेन्सिल घेऊन.
"थांबली तर कबूल करते का ही?"
करते, म्हटलं. एका बिटाची जागा आहे तिच्यात,
मधे कधी बंद पडली तर तिथे एक लिहून ठेवते,
कुणी पुसेपर्यंत तसाच.
तो काही बोलला नाही.
वही काढून एका मार्चचं पान उघडलं.
तीन दिवस कोरे. समासात : मी नव्हतो.
का नव्हता ते गावाला ठाऊक आहे.

नोव्हेंबरात टॉवर बोलू लागला तेव्हा कळलं,
आमची चिप सहा मिनिटं पुढे आहे.
सेकंदही इकडचा तिकडे नाही,
जी थाप दिली तीच इमानाने सांभाळलेली.
ज्युम्बेर हसला. "घड्याळ पुढेच ठेवतो मी,
पर्यटक फार वेळ खातात."

त्या रात्रीही पुढेच होतं, म्हणजे.
काळ आला होता खरा,
पण ज्युम्बेरची वेळ सहा मिनिटं आधीच पूल ओलांडून गेली होती.

दुरुस्ती म्हणजे एक ओळ. केली.
पण आधीचे आकडे तसेच ठेवले
आणि ओनिसेकडून पेन्सिल मागून घेतली :
सव्वीस नोव्हेंबरपर्यंत, वजा सहा.
शाळेची घंटा मात्र अजून गाडीच्या वेळेलाच होते.

आत्ता वीज गेली आहे.
टेबलाखाली ती मोजत असणार.
कान लावून बघते.
काही ऐकू येत नाही,
फक्त नदी.